वाचकांचे प्रश्न : मीठ, गंज आणि गाडीचा पत्रा

पावसाळा सरत आला की गंजाविषयीची पत्रे वाढतात. या वेळी त्यांतील निवडक प्रश्नांना उत्तरे देत आहे. पहिल्या दोन प्रश्नांवर अधिक जागा खर्च केली आहे, कारण त्यांचा संबंध थेट गाडीत बसणाऱ्यांच्या सुरक्षिततेशी आहे.

प्रश्न : आमची नऊ वर्षांची हॅचबॅक नेरुळला पाम बीच मार्गालगतच्या सोसायटीत उघड्यावर उभी असते. दोन वर्षांपूर्वी मागच्या दरवाजाच्या खालच्या कडेला आणि मागच्या चाकाच्या कमानीवर रंगाला फुगे आले. गॅरेजवाल्याने घासून लांबी (पुट्टी) भरली आणि रंग मारून दिला. एका पावसाळ्यातच फुगे परत आले आणि आता ते जास्त जागी दिसतात. हा खाडीच्या हवेचा परिणाम आहे का? पुन्हा रंगकाम करून घ्यावे का?
— एक वाचिका, नेरुळ

उत्तर : पत्र्याची आतली बाजू पाहिल्याशिवाय रंगकामावर आणखी पैसे खर्च करू नयेत, असा माझा आग्रह आहे. फुगा बाहेर दिसत असला तरी दरवाजाच्या खालच्या कडेचा गंज बहुतेक वेळा आतून आलेला असतो. दरवाजाचा बाहेरचा पत्रा आतल्या पत्र्यावर खाली दुमडून बसवलेला असतो. काचेच्या पट्टीतून दरवाजात उतरणारे पावसाचे पाणी बाहेर जावे म्हणून तळाला लहान छिद्रे ठेवलेली असतात; ती माती आणि पाचोळ्याने बुजली की पाणी नेमके त्या दुमडीत साचून राहते. मागच्या चाकाच्या कमानीतही दोन पत्रे एकमेकांना चिकटवलेले असतात आणि चाकाने उडवलेला चिखल त्यांच्या कडेवर महिनोन्‌महिने ओला राहतो.

खाडीचा वाटा आहे, पण बहुतेकांना वाटतो तसा नाही. हवेतले मीठ मुख्यतः फुटणाऱ्या लाटांच्या तुषारांतून येते. ठाणे खाडीत तशा लाटा फुटत नाहीत, त्यामुळे खुल्या समुद्रासमोर उभ्या असलेल्या गाडीपेक्षा आपल्या गाडीवर हवेतून बसणारे मीठ कमी असते. मात्र जे बसते ते इथल्या पावसाळी हवेत वाळत नाही, ही खरी अडचण आहे. साधे मीठ सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला हवेतले पाणी ओढून स्वतःच विरघळते, आणि समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असल्याने ते त्याहून कमी आर्द्रतेतही ओलसर राहते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा बहुतांश काळ त्या मर्यादेच्या वर असते, म्हणून पाऊस थांबला आणि गाडी वरून कोरडी दिसली तरी दुमडीतला मिठाचा थर ओलाच असतो. त्यातील क्लोराईड लोखंडावरचे संरक्षक आवरण फोडते आणि पाण्याची विद्युतवाहकता वाढवते, पण गंजण्याच्या क्रियेत ते खर्ची पडत नाही. धुऊन बाहेर काढले नाही, तर तेच मीठ पुन्हा पुन्हा काम करत राहते.

दोन वर्षांपूर्वीचे काम का टिकले नाही, याचे कारण यातच आहे. बाहेरून घासून वर लांबी भरली, तेव्हा मागचा गंज आणि मीठ दोन्ही जागच्या जागी राहिले. लांबी स्वतः थोडी ओल शोषून घेते, आणि गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असल्यामुळे तो वाढताना वरचे सगळे थर उचलून धरतो.

आता तपासणी कशी करावी ते सांगतो. मेकॅनिककडून दरवाजाचे आतले पॅड उतरवून घ्यावे आणि टॉर्चच्या उजेडात तळाची दुमड पाहावी. पाणी जाण्याच्या छिद्रांत प्लॅस्टिकची पातळ पट्टी घालून ती मोकळी करावीत. पट्टीबरोबर काळा चिखल आणि गंजाचे पापुद्रे आले, तर आत काय झाले असेल याची कल्पना येते. मग स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने फुग्याच्या आसपासचा पत्रा हलकेच ठोकत जावे. शाबूत पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, सडलेल्या किंवा लांबी भरलेल्या जागेचा बद्द येतो, आणि दोहोंची सीमा खडूने आखता येते. ही सीमा बहुधा फुग्यापेक्षा बरीच मोठी निघते.

दरवाजापेक्षा मला काळजी वाटते ती गाडीच्या खालच्या भागाची. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना वेगळी चासी नसते. फ्लोअर, दरवाजाखालची पोकळ पेटी म्हणजे सिल, आणि सस्पेन्शन जिथे बसते ते पत्रे मिळूनच सांगाडा होतो. मागच्या कमानीचा गंज सिलच्या मागच्या टोकाकडे सरकला असेल, तर तो रंगाचा विषय राहत नाही. म्हणून गाडी रॅम्पवर चढवून सिल, जॅक लावण्याची जागा, मागच्या सस्पेन्शनचे बैठकीचे पत्रे आणि सीटबेल्टचे बोल्ट जिथे बसतात ते भाग ठोकून पाहावेत. ब्रिटनमधल्या वार्षिक एमओटी तपासणीत सीटबेल्ट, स्टिअरिंग, सस्पेन्शन आणि ब्रेक यांच्या बैठकीपासून ३० सेंटिमीटरच्या आत पत्र्याची ताकद गंजामुळे लक्षणीय कमी झाली असेल, तर गाडी नापास होते. हे माप आपणही वापरावे. आपल्याकडे खासगी मोटारीची नोंदणी पहिली १५ वर्षे वैध असते आणि त्या काळात गाडीखाली डोकावून पाहणारी कोणतीही सक्तीची तपासणी नसते, म्हणून ही जबाबदारी पूर्णपणे मालकावर येते.

दुरुस्तीबाबत मी तडजोड सुचवणार नाही. वरवरचा गंज, म्हणजे घासल्यावर खाली चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागतो असा, असेल तर तो तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने काढून, गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून त्यावर इपॉक्सी प्रायमर आणि रंग द्यावा. फॉस्फरिक आम्लाचे गंजरोधक द्रावण खाचाखोचांतल्या उरल्यासुरल्या गंजासाठी उपयोगी पडते. पापुद्रे सुटणाऱ्या गंजावर ते नुसते ओतून काहीही साधत नाही. पत्रा पातळ झाला किंवा आरपार गेला असेल, तर सडका भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापून त्याच जाडीचा नवा तुकडा सीओटू वेल्डिंगने बसवावा, सांध्यावर सीलर भरावा आणि शेवटी पोकळीत मेणाचा फवारा मारावा. वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडलेली आहे, पेट्रोलची नळी आणि टाकी बाजूला आहे, आणि आतले फोम व गालिचे काढले आहेत, हे स्वतः उभे राहून पाहावे. सांगाड्याच्या भागावर गॅस वेल्डिंग करू देऊ नये. नव्या गाड्यांतील उच्च ताकदीचे पोलाद इतक्या उष्णतेने मऊ पडते. भोकावर फायबर किंवा जाळी लावून लांबीने बुजवण्याचा प्रस्ताव आला, तर गाडी तिथून घेऊन निघावे.

प्रश्न : माझा मुलगा टोरांटोत शिकतो. त्याने अकरा वर्षांची जुनी गाडी घेतली. परवा ब्रेकचे पेडल एकदम खाली गेले. तिथला मेकॅनिक म्हणतो की मागच्या चाकाकडे जाणारा ब्रेकचा पाइप मिठाने गंजून फुटला आहे आणि बाकीचे पाइपही बदलावे लागतील. इथे घोडबंदर रोडला माझी गाडी त्याहून जुनी आहे, पण असे कधी झाले नाही. त्याला फसवले जात आहे का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण वर्णन केल्यावरून मेकॅनिक बरोबर बोलत आहे असे मला वाटते, आणि मुलाने ती गाडी दुरुस्तीशिवाय एक किलोमीटरही चालवू नये. आजच्या गाड्यांत ब्रेकच्या तेलाचे दोन स्वतंत्र मार्ग असतात, त्यामुळे एक पाइप फुटला तरी अर्धे ब्रेक राहतात. तेवढ्यावर गाडी थांबते खरी, पण बरेच अंतर घेऊन.

तिथल्या आणि इथल्या मिठात मोठा फरक आहे. समुद्राच्या पाण्यात सुमारे ३.५ टक्के क्षार असतात. टोरांटोसारख्या शहरांत हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, आणि त्यासाठी वापरले जाणारे मिठाचे द्रावण साधारण २३ टक्के तीव्रतेचे असते, कारण त्या प्रमाणाला ते उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. व्यवहारात साधे मीठ उणे ९-१० अंशांच्या खाली फारसे काम देत नाही, म्हणून कडक थंडीत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराईडही वापरतात. हे दोन्ही क्षार सुमारे ३० ते ३३ टक्के आर्द्रतेलाच ओले होतात. म्हणजे ते गाडीच्या तळाला चिकटले की जवळजवळ कधीच वाळत नाहीत. चाके हे पाणी जोराने थेट तळावर मारतात. त्यातच गाडी रात्री उबदार तळघरात उभी राहिली, तर बर्फ वितळून मिठाचे पाणी फटींत शिरते आणि उष्णतेने गंजण्याचा वेग वाढतो. उघड्यावर गोठलेली गाडी तुलनेने हळू गंजते, हे ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते.

ब्रेकचा पाइप पातळ पोलादाचा असतो. त्यावर लेप असतो, पण तळाला जिथे तो क्लिपांत धरलेला असतो तिथे मीठ-माती अडकून लेप आधी जातो. एका पाइपची ही अवस्था झाली असेल, तर त्याच वयाचे, त्याच पाण्यात भिजलेले बाकीचे पाइप वेगळ्या स्थितीत असण्याची शक्यता कमी असते. तरीही खात्री हवी असेल, तर मुलाला गाडी लिफ्टवर असताना प्रत्येक क्लिपजवळचे फोटो काढून पाठवायला सांगावे. पाइपवर नुसता तपकिरी थर असून तो कापडाने पुसला जात असेल, तर घाई नाही. पापुद्रे सुटत असतील, पृष्ठभागावर खड्डे दिसत असतील किंवा कुठे ओलसर डाग असेल, तर तो पाइप बदलायलाच हवा.

नवे पाइप तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे घालता येतात का, हे त्याने विचारावे. ते मिठाला पोलादापेक्षा कितीतरी चांगले तोंड देतात आणि वाकवायलाही सोपे असतात. टोकांना यंत्राने दुहेरी फ्लेअर, म्हणजे टोक रुंदावून आत दुमडलेली कड, केलेली असावी. फुटलेला तुकडा कापून मध्ये रबरी नळी आणि क्लिप लावणे ब्रेकच्या दाबाला मुळीच टिकणारे नाही, आणि दाबून बसवण्याचे पाण्याच्या नळाचे जोडही तिथे चालत नाहीत. काम झाल्यावर पूर्ण ब्लीडिंग करून हवा काढली पाहिजे. त्याच वेळी पेट्रोलचे पाइप आणि मागच्या सस्पेन्शनची बैठकही पाहून घ्यावी, कारण तीही त्याच पाण्यात भिजली आहे.

ओंटारिओत जुनी गाडी नव्या मालकाच्या नावे रस्त्यावर चालवण्यासाठी नोंदवताना सेफ्टी स्टँडर्ड्स सर्टिफिकेट लागते. मुलाकडे ते असेल, पण तपासणीच्या दिवशी गाडी किमान निकषांत बसली एवढेच त्याने सिद्ध होते. ती पुढची हमी नव्हे. पुढच्या हिवाळ्यासाठी त्याने दोन गोष्टी कराव्यात. थंडी सुरू होण्यापूर्वी दरवर्षी तळाला आणि पोकळ्यांत गंजरोधक तेलाचा फवारा मारून घ्यावा. तिथे ही सेवा सर्रास मिळते. आणि हिवाळ्यात तापमान शून्याच्या वर गेले की तळ पाण्याच्या जोराने धुऊन घ्यावा.

प्रश्न : मोठी भरती आणि पाऊस एकाच वेळी आल्याने नाल्याचे पाणी आमच्या पार्किंगमध्ये शिरले आणि गाडीत गालिच्यापर्यंत पोचले. उन्हात वाळवल्यावर गाडी चालू झाली, पण आता सेल्फ जड लागतो, दिवे मंदावतात आणि एअरबॅगचा दिवा पेटतो.
— एक वाचक, कळवा

उत्तर : भरतीचे पाणी खारे असते, त्यामुळे वाळवणे पुरेसे नाही, पाणी उडून गेले तरी मीठ मागे राहते. गालिचे आणि त्याखालचे फोम बाहेर काढून फ्लोअर गोड्या पाण्याने धुवावा, नंतरच वाळवावा. सेल्फ जड लागण्याचे कारण बहुधा अर्थिंगच्या जोडात सापडेल. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून इंजिनच्या धातूपर्यंत मल्टिमीटर लावून सेल्फ मारायला सांगावा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर ती केबल किंवा तिचे टोक खराब आहे. टोक सोडल्यावर तांब्यावर हिरवा थर दिसेल. किंचित असेल तर साफ करून घट्ट बसवावे, केबलच्या आवरणाखाली हिरवे शिरले असेल तर केबल बदलावी. एअरबॅगचा दिवा मात्र स्वतः हाताळू नका. त्याचे नियंत्रक यंत्र अनेक गाड्यांत फ्लोअरजवळच, पुढच्या दोन सीटांमधल्या उंचवट्यावर असते आणि सीटखालचे प्लगही भिजलेले असणार. ते काम अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच करून घ्यावे. विमा असेल तर दुरुस्तीपूर्वी कंपनीला कळवून सर्वेक्षण होऊ द्यावे.

प्रश्न : पावसात एक रात्र गाडी उभी राहिली की सकाळी ब्रेकच्या डिस्कवर लालसर गंज दिसतो. डिस्क बदलावी का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : नाही. डिस्क उघड्या बिडाची असते, तिच्यावर रात्रीतून थर येणारच. पहिल्या काही ब्रेकमध्ये तो पुसला जातो. आठवडाभर चालवूनही घर्षणाच्या पट्ट्यात खड्डे दिसले, किंवा एक चाक इतरांपेक्षा गरम लागले, तर कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना अडकल्या आहेत का ते पाहावे. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल, तर सपाट जागी हँडब्रेक न लावता गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावावा.

प्रश्न : सर्व्हिस सेंटरवाले अंडरबॉडी कोटिंगचा आग्रह करतात. सात वर्षांच्या गाडीला ते करावे का?
— एक वाचिका, कोपरखैरणे

उत्तर : कोटिंगपूर्वी तळ धुऊन, वाळवून आणि गंज घासून काढणार असतील तरच करावे. गंजावर जाड काळा थर मारला, तर ओल आत कोंडली जाते, पत्रा नजरेआड सडत राहतो आणि पुढच्या तपासणीत तो दिसतही नाही. काम सुरू होण्यापूर्वी आणि घासून झाल्यावर, असे दोन वेळा तळाचे फोटो मागावेत. पाणी जाण्याची छिद्रे, ब्रेकचे भाग आणि सायलेन्सर यांवर कोटिंग जाऊ नये हेही आधी सांगावे. गाडी परत घेताना दरवाजांच्या तळाची छिद्रे एकदा बोटाने चाचपून पाहावीत. ती बुजलेली आढळली, तर तिथल्या तिथे मोकळी करून घ्यावीत.