फ्लाय कास्टिंग (माशीसारखा हलका गळ लावून मासेमारीची दोरी फेकणं) करताना लूप, म्हणजे हवेतल्या दोरीचा वळसा, एवढा मोठा का होतो?

बहुतेक तुमचं मनगट जास्त वाकतंय. दोरी रॉडच्या टोकामागे जाते, म्हणजे टोक कमानीसारखं फिरलं की लूप रुंद होतो आणि वाऱ्यात तिथेच ढेपाळतो, टोक सरळ रेषेत नेऊन झटकन थांबवलं की लूप अरुंद. थांबवणं महत्त्वाचं हो, जोर नाही! सुरुवातीलाच सगळी ताकद लावली तर रॉड जास्त वाकतो, टोक मधेच खाली जातं आणि दोरी स्वतःलाच अडकते, मग आपण गाठींचं खापर वाऱ्यावर फोडतो. पुढे फेकण्याआधी मागे गेलेली दोरी जवळपास सरळ होईपर्यंत थांबा, मान वळवून बघितलंत तरी चालेल. प्रॅक्टिस शिवाजी पार्कात अगदी पहाटे, क्रिकेटवाले यायच्या आत, आणि गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून.