वारुळावरची अळंबी आणि बागेतल्या छत्र्या: तुमच्या प्रश्नांची उत्तरं

पाऊस लागला की आमच्या बेळगाव भागातल्या रयत संपर्क केंद्राच्या, म्हणजे शेती खात्याच्या ऑफिसच्या, व्हॉट्सॲपवर ऊस-भात बाजूलाच राहतंय आणि अळंबीचे फोटो सुरू होतात. फोटो सगळे वरनं काढलेले, नुसती छत्री दिसते, आणि खाली एकच प्रश्न, साहेब खाऊ काय? बघा, वरनं काढलेल्या फोटोवर मी हो म्हणणार नाही. ओळख पटते ती खालनं.

जांबोटीकडच्या एका मामांनी विचारलंय की वारुळाशेजारी उगवलीत, ही आपली नेहमीचीच काय. मामा, वारुळाची अळंबी म्हणजे टर्मिटोमायसिस गटातली. वारुळात वाळवी पालापाचोळा, लाकूड चावून त्याचा लगदा रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते, म्हणजे शेती वाळवीची, कापणी आपली. म्हणून ती वारुळाच्या जागेवरच उगवते. एक तरी अळंबी न कापता, काठीनं बाजूची माती हळू मोकळी करून मुळासकट काढून बघा. दांड्याखाली एक लांब मुळी खोल खाली वारुळाकडं गेलेली दिसते, ओढली तर मधेच तुटते. टोपीच्या मधोमध टोक असतं, खालच्या पाकळ्या पांढऱ्या, नंतर जराशा गुलाबी पडतात. हे सगळं एकत्र जुळलं तरच ती. नुसतं वारूळ जवळ आहे म्हणून चालत नाही, वारुळाच्या बाजूला दुसरंही काही उगवतंय की. आणि बिळात हात घालू नका, तिथं नागोबाही असतात, हे मी तुम्हाला काय सांगायचं.

आता उलटी गोष्ट. दांडा उकरला आणि बुडाला मातीत एक पातळ पांढरी पिशवी दिसली, वर दांड्याला रिंग, पाकळ्या पांढऱ्या, तर ती अळंबी तिथंच टाका आणि हात धुवा. ही अमानिटाची लक्षणं आहेत, घाटातल्या जंगलात या गटाच्या जाती आहेत, सगळ्या जीवघेण्या नसल्या तरी ज्या आहेत त्या लिव्हर संपवतात. लोक चाकूनं दांडा वरच्या वर कापतात, पिशवी मातीतच राहते आणि टोपलीत दोन्ही सारखीच पांढरी दिसतात, घोळ तिथं होतोय.

उचगाव साईडच्या एका ताईंनी भाताच्या पिंजरावर (पेंढ्यावर) उगवलेल्या करड्या अळंबीचं विचारलंय. ही खायचीच जात आहे, काही ठिकाणी हिची शेती पण करतात, पण ताई, हिच्याही बुडाला पिशवी असते! फरक एवढाच की हिला रिंग नसते आणि हिच्या पाकळ्यांतनं झडणारी बारीक पावडर गुलाबी असते, अमानिटाची पांढरी. पावडर बघायला टोपी कापून पाकळ्या खाली करून अर्ध्या पांढऱ्या अर्ध्या काळ्या कागदावर ठेवा, वर वाटी पालथी घाला आणि रात्रभर हलवू नका, सकाळी छाप उमटलेला असतो. पण छाप गुलाबी आला म्हणजे लगेच कढईत टाकायचं असं नाही, बाकीची लक्षणं पण जुळली पाहिजेत. न उमललेल्या गोळ्यांवर तर हे करताच येत नाही, तेव्हा ते घेऊच नका.

निपाणीच्या एका भावांच्या बंगल्यासमोरच्या लॉनवर ताटलीएवढ्या पांढऱ्या छत्र्या आल्यात, वर तपकिरी खवले. पाकळ्या बघा, जून झाल्यावर हिरवट होत असतील तर ती क्लोरोफायलम, छाप पण हिरवाच येतो. खाल्ली तर एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब, माणूस पार गळून जातो. खायच्या मोठ्या छत्रीसारखीच दिसते म्हणून फसतात लोक. लॉनवर औषध मारायची गरज नाही, उपटून टाका, पोरांना आणि कुत्र्याला तेवढं लांब ठेवा.

चांदीचा चमचा काळा पडला तर विषारी, लसूण काळी पडली तर विषारी, किड्यांनी खाल्लंय म्हणजे चांगली, हे सगळं बऱ्याच जणांनी लिहिलंय, काहींनी आजीच्या नावानं. आजीला मान आहेच, पण आजी चमच्यावर नाही, रानातल्या ठराविक वारुळावर विश्वास ठेवायची, दरवर्षी त्याच जागेची आणायची. किड्याला अमानिटा पचते, आपल्याला नाही. उकळून, तळून, वाळवूनही ते विष जात नाही.

खाऊन त्रास झाला तर घड्याळ बघा. तास-दोन तासांत उलटी झाली तरी दवाखाना आहेच, पण सहा तासांनंतर, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी उलट्या-जुलाब सुरू झाले तर ते जास्त धोक्याचं समजा. यात मधे एखादा दिवस बरं वाटतं, माणूस म्हणतो झालं, सुटलो, आणि त्याच वेळी लिव्हर खराब होत असतं. मिठाचं पाणी पाजून उलटी काढत बसू नका, 108 ला फोन करा, उरलेली अळंबी किंवा भाजी कागदात गुंडाळून सोबत घ्या आणि ज्यांनी ज्यांनी खाल्लंय त्या सगळ्यांना न्या, त्रास नसला तरी.

भीमगड अभयारण्याच्या हद्दीतनं काढायचं कोण विचारत असेल तर नाही, परवानगीशिवाय तिथनं काहीच काढता येत नाही. वारुळाची घरी लावता येते काय? नाही हो, वाळवीशिवाय ती होत नाही. लावायचीच असेल तर ढिंगरी (ऑयस्टर) अळंबी लावा, पिंजर भिजवून, गरम पाण्यातनं काढून, पिशव्या भरून सावलीच्या खोलीत.

शेवटी खानापूरच्या एका काकांचा नारळ. बुंध्याला तपकिरी, वरनं चकचकीत, लाकडासारखी कडक अळंबी आली आहे. काका, हा खायचा विषय नाही, झाडाचा रोग आहे, गॅनोडर्मा, सुपारीत कन्नडमध्ये याला अणबे रोग म्हणतात. ती बाहेर दिसते तोवर आतलं बूड बरंच कुजलेलं असतं. मेलेलं झाड मुळासकट काढून जाळा, बाजूच्या झाडांना ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी चांगली बुरशी) मिसळलेली निंबोळी पेंड दर झाडाला वर्षाला 5 किलो द्या, आणि एका झाडाचं पाणी वाहत दुसऱ्याच्या आळ्यात जाणार नाही असं पाट वळवून घ्या.