लिमिट भरली, आता काय?

प्रश्न : सर नमस्कार, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं छोटं युनिट आहे, थोडा माल एका एक्स्पोर्टरमार्फत अमेरिकेला जातो. दर दोन-चार वर्षांनी टीव्हीवर ऐकतो की अमेरिकन सरकारची कर्ज काढायची मर्यादा संपली, आता जग बुडणार. मग शेवटच्या रात्री काहीतरी तोडगा निघतो आणि सगळे घरी जातात. हे नक्की काय नाटक आहे ओ? आम्ही घाबरायचं का? (एक कारखानदार, सोलापूर)

उत्तर : नाटक म्हणालात ते निम्मं बरोबर आहे. पण आधी एक गैरसमज काढू, कारण तो टीव्हीवाल्यांनाही असतो. मर्यादा वाढवली म्हणजे सरकारला नवीन उधळपट्टीची परवानगी मिळाली असं नसतं. खर्च आधीच मंजूर झालेला असतो, करही तिथल्या काँग्रेसनेच (म्हणजे त्यांची संसद, आपल्याकडचा पक्ष नव्हे) ठरवलेले असतात आणि मधली तूट कर्जानेच भरणार हे शाळेतल्या पोरालाही कळतं, तरी एकूण कर्जाच्या आकड्यावर वेगळा कायदा आहे आणि त्याचं मतदान वेगळं होतं. म्हणजे लग्न लागलं, पाचशे पानं उठली, मांडव सुटला आणि आता आचाऱ्याचे पैसे द्यायला कर्ज काढायचं की नाही यावर घरात भांडण.

गंमत म्हणजे ही मर्यादा आली ती सरकारची सोय म्हणून. 1917 साली पहिल्या महायुद्धात रोखे काढायला मोकळीक मिळावी म्हणून, आणि 1939 मध्ये जवळपास सगळ्या कर्जाला मिळून 45 अब्ज डॉलरचा एकच आकडा घातला. 1960 पासून ती पाऊणशेहून जास्त वेळा वाढवली, लांबवली किंवा बदलली गेलीय, दोन्ही पक्षांच्या राष्ट्राध्यक्षांच्या काळात. आता अशा मर्यादेला मर्यादा म्हणायचं का ते तुम्हीच सांगा.

मी बँकेत होतो तेव्हा साखर पेठेतले एक चादरवाले दर शनिवारी काउंटरला उभे असायचे. सीसी लिमिट (बँकेने धंद्याला दिलेल्या उधारीची हद्द) काठोकाठ भरलेली, सूतवाल्याचा चेक आलेला, संध्याकाळी कामगारांचा आठवड्याचा पगार. मग काय करायचे, घरखर्चाचे पैसे थांबवायचे, लाइटबिल शेवटच्या तारखेपर्यंत ढकलायचे आणि बायकोच्या भिशीचे पैसे "सोमवारी परत ठेवतो" म्हणून उचलायचे. एकदा तर खिशातून भिशीची वही काढून मलाच दाखवली, तिच्यात पुढच्या तीन महिन्यांचे आकडे पेन्सिलीने आधीच लिहिलेले!

अमेरिकेची ट्रेझरी (त्यांचं अर्थखातं) हेच करते, फक्त नाव भारदस्त : असाधारण उपाय. 19 जानेवारी 2023 ला 31.4 ट्रिलियन डॉलरची (आपल्या हिशोबात 31.4 लाख कोटी डॉलर) मर्यादा भरली तेव्हा अर्थमंत्री जॅनेट येलेन यांनी सरकारी नोकरांच्या निवृत्ती फंडात घालायचे पैसे तात्पुरते थांबवले, नंतर भरून द्यायच्या बोलीवर. असं करून जूनपर्यंत गाडी ढकलली. ही भिशी ज्या दिवशी संपते त्याला तिथे एक्स डेट म्हणतात, आणि सगळं राजकारण त्या तारखेभोवती फिरतं.

कारण लवकर मिटवलं तर सौदा कसला? व्हाइट हाऊस एका पक्षाकडे आणि प्रतिनिधीगृह दुसऱ्याकडे असलं की विरोधक म्हणतो, आमची मतं हवी तर आधी खर्च कापा. 2011 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा आणि प्रतिनिधीगृहाचे स्पीकर जॉन बेनर, 2023 मध्ये बायडन आणि केविन मॅकार्थी. हे मॅकार्थी स्पीकर झाले तेच पंधराव्या फेरीच्या मतदानात, म्हणजे त्यांच्याच पक्षातल्या मूठभर जणांच्या हातात त्यांची मान, ते मऊ कसे वागणार? शेवटी 3 जूनला बायडन यांची सही झाली, एक्स डेट 5 जून होती. आणि जुलै 2025 मध्ये सगळं एकाच पक्षाकडे होतं तर ट्रम्प यांच्या मोठ्या कर विधेयकात 5 ट्रिलियनची वाढ गुपचूप बसली, मर्यादा 41.1 ट्रिलियन झाली, कुणी जग बुडवलं नाही. यावरून ओळखा कर्जाची काळजी किती आणि दुसऱ्याला कोंडीत पकडायची हौस किती.

पण निव्वळ नाटकही नाही हां. 2011 ला सही झाली आणि तीनच दिवसांनी एस अँड पी या पत ठरवणाऱ्या संस्थेने अमेरिकेचं सर्वोच्च रेटिंग काढून घेतलं, 2023 च्या भांडणानंतर ऑगस्टमध्ये फिच या तशाच दुसऱ्या संस्थेनेही तेच केलं. मे 2023 च्या शेवटी तर जूनच्या पहिल्या आठवड्यात मुदत संपणाऱ्या अमेरिकन रोख्यांवरचं व्याज 7 टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. जगातला सगळ्यात पक्का समजला जाणारा देणेकरी, पण पैसे नेमके त्याच आठवड्यात हातात येतील का याची खात्री नाही म्हटल्यावर सावकार जास्त व्याज मागणारच की!

तुमच्यापुरतं सांगायचं तर तुमचं येणं त्या सरकारकडून नाही, बायरकडून आहे. धोका ऑर्डर लांबण्याचा आणि डॉलर वरखाली होण्याचा. 2011 ला जुलैअखेर डॉलर 44 रुपयांच्या आसपास होता, डिसेंबरात 50 च्या वर गेला, अर्थात त्यात युरोपातल्या संकटाचा मोठा हात होता. एक्स्पोर्टवाल्याला तेव्हा उलट चार पैसे जास्त मिळाले, पण आधीच खालच्या भावाने फॉरवर्ड बुक करून (म्हणजे पुढे येणाऱ्या डॉलरचा भाव बँकेशी आधीच ठरवून) बसलेल्यांनी कपाळावर हात मारला. म्हणून अशा बातम्यांच्या दिवसात सगळी रक्कम एकदम बुक करू नका, निम्मी मोकळी ठेवा, आणि एक्स्पोर्टरला विचारा की भाव बदलला तर फरक कुणाच्या पदरात.

प्रश्न : आपल्याकडे असं होऊ शकतं का? (एक शिक्षिका, जुळे सोलापूर)

उत्तर : दिल्लीत असं होणं अवघड, ताई. राज्यघटनेच्या कलम 292 नुसार संसद केंद्राच्या कर्जावर मर्यादा घालू शकते, पण आपल्याकडे सरकारच लोकसभेतल्या बहुमतावर उभं असतं, बजेट पडलं तर सरकारच पडतं, त्यामुळे आचाऱ्याचं भांडण आधीच जेवणाच्या यादीत मिटतं. आपल्याकडची खरी ओढाताण केंद्र आणि राज्यांमध्ये आहे. कलम 293 प्रमाणे ज्या राज्याकडे केंद्राचं कर्ज बाकी आहे त्याला नवीन कर्जासाठी केंद्राची संमती लागते, आणि सध्या साधारण राज्याच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या (जीएसडीपी) 3 टक्के ही चौकट आहे, महाराष्ट्रालाही तीच. केरळ म्हणालं की आमच्या सरकारी संस्थांनी काढलेली कर्जंही तुम्ही आमच्या खात्यात धरता, आणि थेट सुप्रीम कोर्टात गेलं. 1 एप्रिल 2024 ला कोर्टाने अंतरिम दिलासा नाकारला आणि प्रश्न पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाकडे पाठवला. माझं मत विचाराल तर मर्यादा हवीच, पण ती मोजायची फूटपट्टी एकट्या केंद्राच्या हातात नको.

प्रश्न : एक ट्रिलियन डॉलरचं प्लॅटिनमचं नाणं पाडून कर्ज फेडता येतं म्हणे, खरंय? (बी.कॉम.चा विद्यार्थी)

उत्तर : कल्पना खरी आहे, कायद्यातल्या एका फटीवर काहींनी ती मांडली होती. येलेन बाईंनी ती गिमिक म्हणून उडवून लावली. परीक्षेत लिहू नकोस.