बिलाचं नोटिफिकेशन सगळ्यांना का पोचत नाही?

प्रश्न : आमच्या दूध संस्थेच्या ॲपवरून दर दहा दिवसांनी बिलाचं नोटिफिकेशन जातं. काही सभासदांना मिळतं, काहींना नाही. इतक्या तऱ्हेच्या फोनांना पुरं कसं पडायचं? – एक वाचक, करवीर

उत्तर : आधी परवानगी बघा. ॲन्ड्रॉइड १३ पासून नोटिफिकेशनची परवानगी वेगळी मागावी लागते. सभासदाने ‘नको’ दाबलं असेल तर काहीच दिसणार नाही. ती असूनही येत नसेल, तर दोष बहुधा बॅटरी-बचतीचा. ॲन्ड्रॉइडची स्वतःची बचत आहेच, तिच्यावर काही कंपन्या आपली चढवतात आणि ॲप वरच्या वर बंद करून टाकतात. सेटिंग्जमध्ये ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा; ‘ऑटोस्टार्ट’ (ॲप आपोआप सुरू होण्याची मुभा) असेल तर तेही चालू करा. नावं आणि जागा कंपनीगणिक बदलतात, खरा वैताग तोच. सर्व्हरवरून मेसेज ‘हाय प्रायॉरिटी’ने, म्हणजे तातडीचा म्हणून पाठवा.

चाचणीला महागडे फोन नकोत. सभासदांकडे कोणते फोन जास्त आहेत ते प्ले कन्सोलमध्ये (प्ले स्टोअरवर ॲप टाकणाऱ्यांसाठीचं गूगलचं पान) दिसतं. त्यातले वरचे तीन आणि २ जीबी रॅमचा एक जुना, एवढे पुरेत. स्वस्तात भरपूर पर्याय आहेत म्हणूनच गोठ्यापर्यंत स्मार्टफोन पोचला, त्यामुळे विविधतेला आमचा विरोध नाही. पण पैशांची बाब आहे, बिलाचा एसएमएस बंद करू नका.