एक नाकपुडी चालू, एक बंद

प्रश्न : माझी एक नाकपुडी सतत चोंदलेली असते. सकाळी उजवी, तर दुपारी डावी. सर्दी नाही, शिंका नाहीत. रात्री ज्या कुशीवर झोपते ती बाजू बंद होते, म्हणून नाकात ड्रॉप्स घालते. आता त्यांच्याशिवाय झोपच लागत नाही. एका डॉक्टरांनी नाकाचं हाड वाकडं आहे, ऑपरेशन करून टाका, असं सांगितलं. सासूबाई म्हणतात, स्वर (चालू असलेली नाकपुडी) बदलतो, त्याला औषध कसलं? दिरांनी तर मोबाइलवर माझ्या जन्मतारखेवरून 23, 28 आणि 33 दिवसांचा ‘बायोरिदम’, म्हणजे शरीराच्या चढ-उतारांची लय, काढून ऑपरेशनला चांगला दिवसही शोधलाय. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, कराड

उत्तर : आधी सासूबाईंचं ऐका.

नाकाच्या आत दोन्ही बाजूंना मऊ, फुगीर घड्या असतात आणि त्यांच्यात शिरांचं दाट जाळं असतं. एका बाजूच्या शिरा रक्ताने भरल्या की तिकडची वाट अरुंद होते, त्याच वेळी दुसरी बाजू आकसून मोकळी होते. काही तासांनी उलटं. दोन्ही मिळून आत जाणारी हवा साधारण तेवढीच राहते, म्हणून बहुतेकांना याचा जन्मभर पत्ता लागत नाही. रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरने 1895 मध्ये हे मोजून दाखवलं. कोणाचा फेरा तास-दीड तासात होतो, कोणाचा सहा तासांत, आणि एकाच माणसातही तो रोज सारखा नसतो. दिवसापेक्षा छोट्या अशा लयी शरीरात बऱ्याच आहेत. झोपेचा फेरा सुमारे नव्वद मिनिटांचा असतो, आणि रिकामं पोट दीड-दोन तासांनी गुरगुरतं तीही एक लयच.

नाकपुड्यांतल्या श्वासाचा विचार करणाऱ्या जुन्या स्वरोदयशास्त्रात प्रत्येक स्वराला अडीच घटका, म्हणजे एक तास दिला आहे. नाक इतकं काटेकोर वेळापत्रक पाळत नाही, पण निरीक्षण अस्सल आहे. योगी काखेत कुबडी दाबून स्वर बदलत. सज्जनगडावर समर्थांची कुबडी आहे, कराडहून तुम्ही कदाचित गेलाही असाल. काखेवर दाब दिला की त्या बाजूची नाकपुडी चोंदते आणि पलीकडची मोकळी होते, हे प्रयोगांतही दिसलं आहे. कुशीवर झोपल्यावर तुमचं तेच होतं. कूस बदला, थोड्या वेळाने नाकही बाजू बदलेल.

ओपीडीत मी जीभ दाबायची स्टीलची थंड पट्टी पेशंटच्या नाकाखाली आडवी धरते. श्वास सोडला की वाफेचे दोन ठिपके उमटतात, एक मोठा, एक लहान. घरी फ्रिजमध्ये ठेवलेली स्टीलची ताटली चालेल. दोन-तीन दिवस अधूनमधून पाहा आणि मोठा ठिपका कुठल्या बाजूला आला ते वेळेसकट वहीत लिहा. बाजू बदलत राहिली तर ही तुमच्या नाकाची लय आहे. वाकडं हाड कधी बाजू बदलत नाही.

पत्र वाचून मला खरी काळजी वाटली ती ड्रॉप्सची. ते शिरा आकसवतात आणि झटकन मोकळं वाटतं. पण काही दिवसांच्या वर रोज घातले, तर असर उतरल्यावर घड्या पहिल्यापेक्षा जास्त फुगतात. मग पुन्हा ड्रॉप्स. अशा पेशंटचं नाक तपासलं की आतलं अस्तर लालबुंद दिसतं. आधी एका नाकपुडीत घालणं थांबवा, ती सावरली की दुसरीत. सलाइनने नाक धुवा. दुसरा कुठला स्प्रे लागेल का, हे कान-नाक-घसा तज्ज्ञांना विचारा. सुरुवातीच्या रात्री वाईट जातील, पण तेवढं सोसाच.

ड्रॉप्स सुटून काही आठवडे गेले की नाक पुन्हा तपासून घ्या आणि ती वही सोबत न्या. हाड थोडंफार वाकडं तर कितीतरी जणांचं असतं, नुसतं तेवढ्यासाठी चिरफाड करायची नसते. मात्र एकच बाजू कायमची बंद असेल, किंवा एकाच बाजूने रक्त किंवा घाण वासाचा स्राव येत असेल, तर वाट पाहू नका.

आता दिरांचं. 23 आणि 28 हे आकडे विल्हेल्म फ्लीस या बर्लिनच्या नाक-घशाच्याच डॉक्टरचे, 33 नंतर कोणी जोडला. महिन्याच्या लयी खऱ्या असतात, तुमची पाळीच पाहा. पण तीही एकवीस ते पस्तीस दिवसांत कधीही येते, जागरणाने, तापाने पुढे-मागे होते. जन्माच्या क्षणी सुरू होऊन आयुष्यभर एका दिवसानेही न चुकणारी लय शरीरात कुठेच सापडलेली नाही. अपघातांच्या नोंदींवर, खेळाडूंच्या कामगिरीवर हे आकडे ताडून पाहिले गेले, जुळले नाहीत. ऑपरेशन लागलंच, तर त्या दिवशी तुम्हाला सर्दी-खोकला नसावा एवढं बघा. आणि दिरांना सोबतीला यायला सांगा.