'मंडळी'चं अनेकवचन 'मंडळ्या' होतं का? आणि एकी, एकता की ऐक्य?

प्रश्न असा आलाय: जानेवारीत नाशिकच्या शरणपूर रोडला, ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थना सप्ताहानिमित्त, 'सर्व मंडळ्यांच्या एकतेसाठी प्रार्थना' असा बॅनर होता, तर मंडळी हा शब्द मुळातच समूहाचा असताना 'मंडळ्या' चूक नाही का, आणि 'एकता' हे हिंदी वाटत नाही का?

मंडळ्या चूक नाही, निदान ख्रिस्ती मराठीत तरी नाही. एरवी आपण 'पाहुणे मंडळी आली', 'चला मंडळी' एवढंच म्हणतो, दोन लग्नांची वऱ्हाडं एकाच कार्यालयात घुसली तरी 'मंडळ्या आल्या' कोणी म्हणत नाही (आणि जुन्या माणसांच्या तोंडी 'आमची मंडळी' म्हणजे बायको, तिथे तर अनेकवचनाचं नावच नको). पण मराठी बायबलमध्ये ग्रीक एक्लेसियासाठी (इंग्रजीत चर्च) हा शब्द घेतला, एक्लेसिया म्हणजे बोलावल्यावर जमलेली माणसं, इमारत नाही, त्यामुळे शब्द अगदी चपखल बसला, आणि मग तो मोजताही यायला लागला. प्रकटीकरण ह्या बायबलच्या शेवटच्या पुस्तकात आशियातल्या सात मंडळ्यांना निरोप आहेत, इफिस, स्मुर्णा, पर्गम वगैरे.

आता गंमत बघा, त्या सात मंडळ्या म्हणजे सात गावं आहेत, सात पंथ नाहीत. इफिसची मंडळी म्हणजे इफिसातले सगळे ख्रिस्ती. बॅनरवरच्या मंडळ्या मात्र एकाच गावातल्या आहेत, कॅथलिक, सीएनआय (म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), मेथडिस्ट, पेंटेकॉस्टल, मुक्तिफौज (साल्वेशन आर्मी), असे वेगवेगळे पंथ. व्याकरण तेच, अर्थ पूर्ण बदलला. आणि असं मोजणं प्रेषित पौलाला बिलकुल आवडलेलं नव्हतं, करिंथच्या लोकांत कोणी म्हणे मी पौलाचा, कोणी मी अपुल्लोसाचा, कोणी मी केफाचा (म्हणजे पेत्राचा), तर पत्राच्या पहिल्याच अध्यायात त्याने विचारलंय की ख्रिस्ताचे काय तुकडे झालेत का.

आपल्याकडे ह्याचंच रूप म्हणजे 'तुम्ही कुठल्या मिशनचे?' हा प्रश्न. आणि ह्यात कोणाच्या आजोबांनी बसून पंथांचा अभ्यास करून निवड केली असं सहसा नाहीच, मिशनऱ्यांनी आपसात इलाखे वाटून घेतले होते, दुसऱ्याच्या हद्दीत जायचं नाही असा साधारण करार. नाशिकला इंग्लंडची चर्च मिशनरी सोसायटी, शरणपूरची वसाहत त्यांचीच, १८५० च्या दशकातली, म्हणून इथले अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतले. नगरला अमेरिकन मराठी मिशन म्हणून तिकडचे बरेच काँग्रिगेशनल ह्या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचे. मग नगरचा माणूस ओझरला एचएएलमध्ये नाहीतर नाशिकरोडला नोट प्रेसमध्ये लागला की तो इथे 'दुसऱ्या मिशनचा' ठरायचा, म्हणजे इंग्लंड-अमेरिकेतली भांडणं आपल्याकडे तालुक्याच्या हद्दीवरून ठरली, मला तर हे जरा हास्यास्पदच वाटतं. कवी ना. वा. टिळक अमेरिकन मिशनमधले, पण त्यांची भजनं गाताना कोणी मिशन विचारत नाही.

म्हणूनच २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चेस मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं ते मोठं काम होतं, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट. बोलणी १९२९ पासून चालू होती! आणि अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट, जे संख्येने बरेच मोठे, ते अगदी शेवटी बाहेर राहिले. तर ह्याला मी 'एकीकरण' म्हणेन, घटना एक, बिशपांची व्यवस्था एक, मालमत्ता एका नावावर (आणि मालमत्तेवरून पुढे कोर्टकचेऱ्या, ते सोडा).

आता एकतेचं. 'एकता' संस्कृतच आहे, चूक नाही, पण कानाला हिंदी आणि सरकारी लागतं, राष्ट्रीय एकता दिन टाइप. 'एकी' अस्सल, पण गावाने एकी केली म्हटलं की समोर कोणीतरी आहे असं वाटतं, पाटबंधारे खातं म्हणा नाहीतर शेजारचं गाव. इथे कोणाविरुद्ध काही नाहीये. 'ऐक्य' हा बायबलमधलाच शब्द, स्तोत्र १३३ मध्ये भावांनी ऐक्याने राहणं किती चांगलं असं आहे, आणि भाऊ वेगळे निघाले, चुली वेगळ्या झाल्या, तरी ऐक्य राहू शकतं, एकीकरण नाही राहत. मला वाटतं सध्या हवंय ते हेच. कारण अडचणी रोजच्या आहेत, मुलगी कॅथलिक मुलगा सीएनआय असं लग्न ठरलं की कुठल्या देवळात, फादर की पाळक, बाळाचा बाप्तिस्मा कुठे, इथपासून घरात ताण सुरू होतो. बाप्तिस्मा एकमेकांचा चालतो पण मिस्सामध्ये (कॅथलिक उपासनेत) कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकर, प्रोटेस्टंटाला एरवी मिळत नाही, हे नवरा-बायकोला एका बाकावर बसून बघावं लागतं. फेब्रुवारीत नाशिकरोडला कॅथलिकांच्या बाळ येशूच्या यात्रेला मात्र कुठल्याही मिशनचा माणूस बिनधास्त जातो.

जाता जाता, बॅनरवाला हा प्रार्थना 'सप्ताह' १८ ते २५ जानेवारी, मोजून बघा, आठ दिवस होतात. १९०८ पासून तसंच चालू आहे.

बॅनरचं विचाराल तर मी 'ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थना' एवढंच छापेन. कारण कॅथलिक लोक मंडळी म्हणतच नाहीत, त्यांचा शब्द 'ख्रिस्तसभा', म्हणजे 'सर्व मंडळ्या' लिहिलं की अर्ध्या लोकांना वाटणार हे त्यांच्यासाठी नाहीच.