वायूचा पार्टिकल डिटेक्टर रेडिएशनने 'म्हातारा' होतो म्हणजे काय? आणि वीस-तीस वर्षांचं म्हातारपण लॅबमध्ये थोड्या दिवसांत कसं तपासतात?

म्हातारी होते ती तार. वायू नळीतून वाहत असतो, जुना जातो नि नवा येतो, त्याला म्हातारं व्हायला सवडच नसते. चेंबरमध्ये, म्हणजे डिटेक्टरच्या वायू भरलेल्या डब्यात, मात्र २०-३० मायक्रॉनची, सोन्याचा मुलामा दिलेली टंगस्टनची तार ताणलेली असते आणि तिच्यावर दीड-दोन हजार व्होल्ट. कण आतून गेला की सुटे झालेले इलेक्ट्रॉन तारेकडे धावतात आणि पोचता पोचता एकाचे हजारो होतात. त्या धुमश्चक्रीत आयसोब्युटेन किंवा मिथेनचे रेणू फुटतात, तुकडे एकमेकांना धरतात आणि तारेवर बसतात. एकच तेल पुन्हा पुन्हा तापवलं की कढईच्या कडेला जो चिवट पिवळट थर धरतो, घासून हात दुखले तरी निघत नाही, तसलंच हे. तार जाड झाली की तिच्याजवळचं विद्युतक्षेत्र मंदावतं आणि सिग्नल खुजा होतो.

दुसरं दुखणं समोरच्या कॅथोडचं, म्हणजे ऋण बाजूच्या धातूच्या पृष्ठभागाचं. तिथला थर वीज वाहू न देणारा असेल तर धन आयन त्याच्यावर अडकून राहतात आणि खालच्या धातूतून इलेक्ट्रॉन ओढून काढतात. हा माल्टर इफेक्ट, १९३६ पासून माहीत असलेला. त्याची खूण म्हणजे मारा करणारा किरणोत्सर्गी सोर्स उचलून बाजूला ठेवला तरी करंट शून्यावर येत नाही. या खुणेनेच मला एकदा फसवलंय, ते पुढे सांगतो.

चाचणीत वय वर्षांत मोजत नाहीत, कूलोममध्ये मोजतात: तारेच्या दर सेंटिमीटरवर एकूण किती विद्युतभार जमा झाला ते. प्रत्यक्ष प्रयोगात सेंटिमीटरला १ नॅनोअँपिअर करंट असेल तर १ कूलोम भरायला ३० वर्षांहून जास्त लागतात. लॅबमध्ये १ मायक्रोअँपिअर ठेवला तर दहा लाख सेकंद, म्हणजे साडेअकरा दिवस. झालं की काम! हा मोह सगळ्यांना होतो. पण मारा एवढा वाढवला की तारेभोवती आयनांची गर्दी होऊन गेन (एका इलेक्ट्रॉनचे किती होतात तो आकडा) आपोआप उतरतो, आणि बरेचदा झीज खऱ्यापेक्षा कमी दिसते. घाईत पास झालेला चेंबर सावकाश चाचणीत नापास होतो. म्हणून जाणती माणसं महिनेच्या महिने घालवतात.

सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत यासाठीच जीआयएफ प्लस प्लस नावाची जागा आहे. २०१५ मध्ये ती सुरू झाली तेव्हा तिथला सीझियम-१३७ सोर्स सुमारे १४ टेराबेकेरेलचा होता, म्हणजे सेकंदाला १४ लाख कोटी अणू फुटणारा. पुढे फिल्टर सरकवून मारा कमी-जास्त करतात, आणि त्याच जागेतून म्युऑनचा (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाचा) बीमही जातो, त्यामुळे सोर्सच्या गॅमा किरणांचा मार खात असताना चेंबर म्युऑन ओळखतोय का हे बघता येतं. सर्नच्याच सीएमएस प्रयोगाचे आरपीसी (रेझिस्टिव्ह प्लेट चेंबर, म्युऑन टिपणारे चपटे डिटेक्टर) तिथे वर्षानुवर्षं ठेवलेत, पुढे वाट्याला येईल त्याच्या तिप्पट भार सोसतात का हे बघायला. आरपीसीत तार नसते, बेकलाइटच्या दोन प्लेटा असतात आणि वायू मुख्यतः आर-१३४ए, गाडीच्या एसीत असतो तोच. तो फुटला की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होतं आणि ते आतला पृष्ठभाग खातं. तिथे करंट वाढत जाणं ही म्हातारपणाची खूण.

आता माझी फजिती. नवी मुंबईतल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी लहानशा चेंबरवर हीच चाचणी लावली होती. मार्चपासून सगळं सुरळीत. जूनच्या शेवटी गेन चढू लागला, करंट रोज थोडा वर, आणि सोर्स काढला तरी तो हटेना. मी वहीत मोठ्या अक्षरांत 'माल्टर!' लिहिलं आणि मॅडमना धावत सांगायला गेलो. त्या म्हणाल्या, "व्होल्टेज पाचशेवर आण." पाचशेला चेंबरमध्ये इलेक्ट्रॉनची फौज तयारच होत नाही, तरी करंट होताच. शंभरला त्याचा पाचवा हिस्सा, साध्या रोधातून जातो तसा. लॅबमधले काका कोपऱ्यातून म्हणाले, "अरे, पावसाळ्यात जुन्या टीव्हीचं ईएचटी, ते हाय व्होल्टेजचं कनेक्शन, असंच चुरचुरायचं. आधी कनेक्टर पूस."

आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, हेअर ड्रायर फिरवला, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या. करंट गेला. खाडीची दमट हवा कनेक्टरवर बसून वीज बाहेरूनच पाझरत होती. गेनचं कारण वेगळं निघालं: पावसाळ्यात हवेचा दाब साधारण एक टक्क्याने उतरतो, आणि दाब एवढा उतरला की गेन पाच-आठ टक्के सहज चढतो. तारेला काहीही झालेलं नव्हतं.

गेनचा हा घोळ टळला असता, जर त्याच गॅस लाइनवर सोर्सशिवायचा दुसरा चेंबर ठेवला असता. दोघांच्या गेनचं गुणोत्तर काढलं की दाब आणि तापमान कटून जातात, उरते ती झीज. आमच्याकडे दुसरा चेंबर होता. 'तोही कामाला लावू' म्हणून मीच त्याच्यावर सोर्स ठेवला होता.

तुम्ही स्वतः चाचणी लावणार असाल तर सांधे बुजवायला हार्डवेअरच्या दुकानातला सिलिकॉन सीलंट आणू नका. त्यातली सिलिकॉनची वाफ तारेवर अशी चिकटते की रेडिएशनला दोष द्यायची वेळच येत नाही.